एक प्रथिन मुळापासून वाचताना: अमिनो आम्लांच्या साखळीपासून सिकलसेलच्या चाचणीपर्यंत

प्रथिनांचा धडा बहुतेक पाठ्यपुस्तकांत वीस अमिनो आम्लांच्या तक्त्याने सुरू होतो आणि रचनेच्या चार पातळ्यांच्या व्याख्यांवर संपतो. विद्यार्थी तक्ता पाठ करतात, व्याख्याही नीट लिहितात. पण समोर एखादे खरे प्रथिन ठेवून, त्याच्या अमुक जागचे अमिनो आम्ल बदलले तर काय होईल असे विचारले, तर उत्तर कोठून शोधायला सुरुवात करावी हेच त्यांना उमगत नाही. माझ्या मते यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे एकच प्रथिन घ्यावे आणि ते पहिल्या अमिनो आम्लापासून रुग्णालयातल्या चाचणीपर्यंत सलग वाचावे.

या लेखासाठी मी मानवी हिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या चार साखळ्यांच्या प्रथिनाची, बीटा साखळी निवडली आहे. ती आकाराने लहान आहे, तिची रचना अत्यंत बारकाईने अभ्यासलेली आहे आणि तिच्यातील एकाच अमिनो आम्लाच्या बदलामुळे सिकलसेल हा आजार होतो. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत, मेळघाटात आणि खानदेशातील नंदुरबारमध्ये हा प्रश्न हजारो घरांचा आहे. 'एएस पॅटर्न' (वाहक) आणि 'एसएस पॅटर्न' (रुग्ण) हे शब्द तेथे लग्न ठरवतानाही उच्चारले जातात, आणि त्या दोन अक्षरांमागचे रसायन मराठीत समजून घेता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

यासाठी इंटरनेट असलेला फोन किंवा संगणक, एक वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली पुरतात. फोनपेक्षा संगणक बरा, कारण त्रिमितीय रचना मोठ्या पडद्यावर फिरवून पाहणे सोपे जाते.

पहिली पायरी: अमिनो आम्लांचे स्वभाव ओळखणे

प्रत्येक अमिनो आम्लात मध्यभागी एक कार्बन अणू असतो आणि त्याला अमिनो गट, कार्बोक्सिल गट, हायड्रोजन व एक पार्श्वसाखळी अशा चार गोष्टी जोडलेल्या असतात. पहिल्या तीन गोष्टी सगळ्यांमध्ये सारख्याच असतात. प्रोलिनमध्ये तेवढी पार्श्वसाखळी मागे वळून अमिनो गटाच्या नायट्रोजनलाच जोडली जाते आणि तेथे एक कडे तयार होते. फरक पडतो तो पार्श्वसाखळीने, म्हणून पाठांतर करायचेच असेल तर पार्श्वसाखळीच्या स्वभावाचे करावे.

ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन, मेथिओनिन आणि काही अंशी ट्रिप्टोफॅन यांच्या पार्श्वसाखळ्यांना पाणी मानवत नाही. घडी पडलेल्या प्रथिनात त्या शक्यतो आत, एकमेकींच्या आडोशाला जातात. अॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांवर शरीराच्या पीएचला (आम्लता मोजण्याच्या पट्टीवर ७.४ च्या आसपास) ऋण विद्युतभार असतो. लायसिन आणि आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो. या चौघांना पाणी आवडते, म्हणून ती बहुधा प्रथिनाच्या पृष्ठभागावर दिसतात. सेरिन, थ्रिओनिन, अॅस्परॅजिन, ग्लुटामिन यांच्यावर भार नसतो, पण ती पाण्याशी हायड्रोजन बंध जोडू शकतात.

चार अमिनो आम्लांची ओळख मात्र स्वतंत्रपणे करून घ्यावी, कारण त्यांच्या जागी बदल झाला की परिणाम बहुधा मोठा असतो. ग्लायसिनची पार्श्वसाखळी म्हणजे केवळ एक हायड्रोजन, त्यामुळे साखळी जिथे अगदी अरुंद जागेतून जाते किंवा झटकन वळते तिथे ते सापडते. प्रोलिनमधल्या त्या कड्यामुळे साखळीचा लवचिकपणा कमी होतो. दोन सिस्टीन जवळ आले तर त्यांच्या गंधकाच्या अणूंमध्ये पक्का सहसंयुज बंध तयार होऊ शकतो. हिस्टिडिनचा भार तर शरीराच्या पीएचच्या जवळपासच बदलतो. म्हणून प्रोटॉन देण्याघेण्याचे काम जिथे असते तिथे, आणि धातूचा अणू धरून ठेवायचा असतो तिथेही, निसर्गाने पुन्हा पुन्हा हिस्टिडिनच वापरलेले आढळते.

वहीत एक पान करून पाणी टाळणारी एका रंगात, ऋण भाराची दुसऱ्या आणि धन भाराची तिसऱ्या रंगात लिहावी. हेच रंग शेवटपर्यंत वापरायचे आहेत.

दुसरी पायरी: साखळी मिळवणे आणि क्रमांकांचा घोळ टाळणे

युनिप्रॉट हा प्रथिनांच्या क्रमांचा विनामूल्य संग्रह आहे. तिथे शोधाच्या चौकटीत पी६८८७१ हा क्रमांक रोमन अक्षरे व अंक वापरून टाका. मानवी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे पान उघडेल. खाली क्रमाच्या विभागात १४७ अक्षरांची एक ओळ दिसेल. प्रत्येक अक्षर हे एका अमिनो आम्लाचे एकाक्षरी नाव आहे. एम म्हणजे मेथिओनिन, व्ही म्हणजे व्हॅलिन, एच म्हणजे हिस्टिडिन, एल म्हणजे ल्युसिन, टी म्हणजे थ्रिओनिन, पी म्हणजे प्रोलिन, ई म्हणजे ग्लुटामिक आम्ल, डी म्हणजे अॅस्पार्टिक आम्ल, के म्हणजे लायसिन, आर म्हणजे आर्जिनिन, एफ म्हणजे फिनाइलअॅलनिन, डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन. ही ओळ वहीत दहा-दहा अक्षरांच्या गटांत उतरवून घ्या. हाताने उतरवण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे, कारण नुसती डोळ्यांखालून घातलेली साखळी लक्षात राहत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पेशीत प्रथिन तयार होताना पहिले अमिनो आम्ल मेथिओनिन असते, पण बीटा साखळीत ते लगेच कापून टाकले जाते. त्यामुळे रक्तातल्या प्रत्यक्ष साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात आणि तिची सुरुवात व्हॅलिनने होते. वैद्यकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत सिकलसेलचा बदल 'सहाव्या जागी' असल्याचे लिहिलेले असते, तर जनुकचाचणीच्या आधुनिक अहवालात तोच बदल 'सातव्या जागी' दाखवलेला असतो, कारण तिथे मेथिओनिनही मोजलेले असते. दोन्ही बरोबर आहेत. अहवाल हातात आला की आधी मोजणी कुठून सुरू केली आहे ते पाहावे. या लेखात यापुढे मी व्हॅलिनला पहिला मानून क्रमांक देणार आहे.

पहिली आठ अमिनो आम्ले अशी आहेत: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. यातले सहावे, म्हणजे पहिले ग्लुटामिक आम्ल, अधोरेखित करून ठेवा.

तिसरी पायरी: कागदावर कापणी आणि भाराचा हिशेब

लगेच त्रिमितीय चित्राकडे जाण्याचा मोह होतो, पण त्याआधी केवळ वही-पेन्सिलीने बरेच काही हाती लागते. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात काम करणारे पाचक विकर लायसिन किंवा आर्जिनिन यांच्या लगेच पुढचा पेप्टाइड बंध तोडते. मात्र पुढचे अमिनो आम्ल प्रोलिन असेल तर ते सहसा तोडत नाही. तुमच्या वहीतल्या साखळीत प्रत्येक के आणि आर नंतर एक उभी रेघ मारा. या साखळीत लायसिन ११ आणि आर्जिनिन ३ आहेत, त्यांपैकी कोणाच्याही लगेच पुढे प्रोलिन नाही, म्हणून एकूण १५ तुकडे मिळाले पाहिजेत. संख्या जुळली नाही तर साखळी उतरवताना अक्षर गळले असण्याची शक्यता अधिक. एका ठिकाणी दोन लायसिन शेजारी आहेत, त्यामुळे एक तुकडा केवळ एका अक्षराचा येईल. तो चुकीचा समजून खोडू नये.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले आणि एखादा आजार हा रेणूचा आजार असू शकतो, ही कल्पना प्रथमच भक्कम पुराव्यासह मांडली. फरक विद्युतभाराचा आहे हे कळले होते, पण तो शेकडो अमिनो आम्लांपैकी नेमका कुठे आहे, हे शोधणे बाकी होते. केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दोन्ही हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापली, तुकडे ओल्या कागदावर एका दिशेने विद्युतप्रवाहाने आणि काटकोनातल्या दिशेने द्रावकाने पसरवले, आणि सुमारे ३० ठिपक्यांपैकी केवळ एकच ठिपका जागा बदलतो हे १९५६ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याचे सिद्ध केले. तो तुकडा म्हणजे तुमच्या वहीतला पहिला तुकडा, सुरुवातीचे एम वगळून उरलेली, वर लिहिलेली आठ अमिनो आम्ले.

त्या तुकड्याचा भार मोजून पाहा. दोन ग्लुटामिक आम्लांचे मिळून उणे दोन, लायसिनचा अधिक एक, सुरुवातीच्या अमिनो टोकाचा अधिक एक, शेवटच्या कार्बोक्सिल टोकाचा उणे एक. हिस्टिडिन ढोबळ हिशेबात शून्य धरावे. बेरीज उणे एक येते. आता सहाव्या जागी व्हॅलिन घाला, बेरीज शून्य होईल. विद्युतक्षेत्रात या दोन तुकड्यांची वाट का वेगळी होते, हे आता वेगळे सांगायची गरज उरत नाही.

हाच हिशेब संपूर्ण साखळीसाठी करावा. ग्लुटामिक आम्ले ८ आणि अॅस्पार्टिक आम्ले ७, म्हणजे ऋण भार १५. लायसिन व आर्जिनिन मिळून धन भार १४. दोन टोके एकमेकांना रद्द करतात. निरोगी बीटा साखळीवर ढोबळमानाने उणे एक भार येतो आणि सिकल साखळीवर शून्य. पूर्ण हिमोग्लोबिनमध्ये दोन बीटा साखळ्या असल्यामुळे हा फरक दोन भारांचा होतो. वस्तुमानाचाही अंदाज घेता येतो. एका अमिनो आम्लाचे सरासरी ११० डाल्टन (रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक) धरले तर १४६ ची किंमत सुमारे १६,००० येते. खरा आकडा १५,८६७ आहे. एवढा जवळचा अंदाज कोणत्याही अनोळखी प्रथिनासाठी कामाला येतो.

चौथी पायरी: साखळीला कोणत्या हालचाली शक्य आहेत

दोन अमिनो आम्ले जोडली जाताना एकाचा कार्बोक्सिल गट आणि दुसऱ्याचा अमिनो गट यांच्यात पेप्टाइड बंध तयार होतो आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हा बंध कागदावर एकेरी काढतात, पण त्याचा स्वभाव अंशतः दुहेरी बंधाचा असल्यामुळे तो सहजी पिळता येत नाही आणि त्याच्या आसपासचे अणू एका प्रतलात राहतात. पिळण्याची मुभा उरते ती मधल्या कार्बनच्या दोन्ही बाजूंच्या बंधांना, आणि त्यांच्या पिळाच्या कोनांना फाय आणि साय अशी नावे आहेत.

हे दोन कोन कोणतीही किंमत घेऊ शकतील का? जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी मद्रास विद्यापीठात याचे उत्तर शोधले आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढी एकच अट घातली, तरी फाय-सायच्या बहुतांश जोड्या बाद होतात आणि आलेखावर थोडेच प्रदेश मोकळे राहतात. प्रथिनाची कोणतीही नवी रचना आज प्रसिद्ध होते तेव्हा ती रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. भारतात, साध्या यांत्रिक गणकांच्या काळात झालेले हे काम जगातल्या प्रत्येक प्रथिन-प्रयोगशाळेत रोज वापरले जाते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना पुरेशा अभिमानाने सांगितली जात नाही.

मोकळ्या प्रदेशांपैकी एकात, फाय सुमारे उणे ५७ आणि साय सुमारे उणे ४७ अंश असताना, साखळी अल्फा सर्पिलाचा आकार घेते. त्यात एका वेढ्याला ३.६ अमिनो आम्ले लागतात आणि प्रत्येक अमिनो आम्लाचा ऑक्सिजन त्याच्या पुढच्या चौथ्या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरील हायड्रोजनशी बंध जोडतो. दुसऱ्या प्रदेशात साखळी जवळपास ताणलेली असते आणि शेजारच्या साखळ्यांशी बंध जोडून बीटा पत्रक बनवते. हिमोग्लोबिनमध्ये पत्रक नाही. त्याची बीटा साखळी आठ सर्पिलांची बनलेली असून त्यांना ए पासून एच पर्यंत नावे दिलेली आहेत. पत्रके पाहायची असतील तर प्रतिपिंडांची रचना उघडावी.

एक छोटा सराव इथे करावा. ३.६ चा वेढा म्हणजे सर्पिलातले प्रत्येक तिसरे किंवा चौथे अमिनो आम्ल एकाच बाजूला येते. वहीतल्या रंगवलेल्या साखळीत पाणी टाळणारी अमिनो आम्ले तीन-चार घरांच्या अंतराने येताना दिसतात का ते पाहा. जिथे तशी लय दिसते, तिथे सर्पिलाची एक बाजू प्रथिनाच्या आतल्या दिशेने आणि दुसरी पाण्याच्या दिशेने असण्याची शक्यता दाट असते.

पाचवी पायरी: त्रिमितीय रचना उघडणे

प्रोटीन डेटा बँक हा १९७१ मध्ये सुरू झालेला, प्रयोगांनी ठरवलेल्या रचनांचा खुला संग्रह आहे. तिथे ४एचएचबी हा संकेत रोमन अक्षरांत टाका. ऑक्सिजन सोडून दिलेल्या अवस्थेतल्या मानवी हिमोग्लोबिनची, १.७४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाईची रचना उघडेल. हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर मॅक्स पेरुट्झ यांनी दोन दशकांहून अधिक काळ चिकाटीने काम केले, आणि मायोग्लोबिनची रचना उलगडणारे जॉन केंड्र्यू यांच्यासह त्यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी आयुष्य घालवून जे पाहिले ते आज एका क्लिकवर दिसते, तेव्हा ते घाईने पाहू नये.

त्रिमितीय दृश्याचे बटण दाबल्यावर चार साखळ्या वेगवेगळ्या रंगांत दिसतील. ए आणि सी या अल्फा साखळ्या, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या. बी आणि डी या बीटा साखळ्या. प्रत्येकीच्या खोबणीत हीम नावाचा चपटा रेणू आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू आहे. आधी नुसते फिरवून पाहा. मग बी साखळी निवडा आणि पुढील गोष्टी याच क्रमाने शोधा.

पहिली शोधायची जागा म्हणजे ९२ वे हिस्टिडिन. ते एफ सर्पिलावर असून त्याचा नायट्रोजन थेट लोहाला जोडलेला आहे. दुसरी जागा ६३ वे हिस्टिडिन, हीमच्या विरुद्ध बाजूला. त्याच्या आणि लोहाच्या मधल्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन येऊन बसतो. हीमच्या भोवती ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअॅलनिन यांची दाटी दिसेल. या पाणी टाळणाऱ्या खोबणीमुळेच लोह फेरस, म्हणजे दोन धन भारांच्या, अवस्थेत टिकून राहते. ते फेरिक, म्हणजे तीन धन भारांचे, झाले तर ऑक्सिजन धरू शकत नाही. तिसरी जागा आपण अधोरेखित केलेले सहावे ग्लुटामिक आम्ल. ते ए सर्पिलाच्या सुरुवातीला आहे आणि त्याची पार्श्वसाखळी सरळ बाहेर, पाण्याकडे वळलेली आहे. सहाव्या जागेपासून लोह किती दूर आहे ते अंतर मोजण्याच्या साधनाने तपासा. या रचनेतही क्रमांक व्हॅलिनपासूनच मोजलेले आहेत, त्यामुळे घोळ होणार नाही.

अल्फाफोल्डच्या संग्रहाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. त्यात २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या संगणकाने वर्तवलेल्या रचना आहेत, आणि या कामासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. प्रयोगातून मिळालेली रचना उपलब्ध नसेल तेव्हा तो संग्रह अवश्य वापरावा, पण रंगांकडे लक्ष देऊन: गडद निळा भाग भरवशाचा, पिवळा संशयास्पद आणि नारिंगी भागावर विसंबू नये. त्या संग्रहातल्या बीटा साखळीच्या चित्रात हीम नाही, आणि हीमविना हिमोग्लोबिनचे काम समजत नाही. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणामही त्या चित्रावरून ठरवू नये. प्रयोगाने ठरवलेली रचना आहे तिथे आधी तीच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: रचनेतून कार्य वाचणे

ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू हीमच्या प्रतलाच्या किंचित बाहेर, ९२ व्या हिस्टिडिनच्या बाजूला असतो. ऑक्सिजन जोडला गेला की लोह प्रतलात येते, हिस्टिडिन त्याच्यामागे ओढले जाते, त्याच्यासोबत एफ सर्पिल सरकते आणि हा धक्का साखळ्यांच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. अखेरीस एक अल्फा-बीटा जोडी दुसऱ्या जोडीच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरते. पहिल्या अवस्थेला ताठ आणि दुसरीला सैल म्हणतात. सैल अवस्थेत उरलेल्या हीमना ऑक्सिजन धरणे सोपे जाते. फुप्फुसात, जिथे ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो, तिथे हिमोग्लोबिन जवळपास पूर्ण भरते. विश्रांतीत असलेल्या शरीराच्या ऊतींत दाब ४० च्या आसपास उतरला की ते सुमारे पाव भाग ऑक्सिजन सोडते, आणि राबणाऱ्या स्नायूत त्याहून बरेच जास्त. एकट्या साखळीचे मायोग्लोबिन ४० च्या दाबालाही ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते. ते स्नायूतल्या साठ्यासाठी योग्य आहे, वाहतुकीसाठी नाही. चार साखळ्या एकत्र येण्याचा, म्हणजेच चतुर्थक रचनेचा, लाभ तो हाच.

दोन बीटा साखळ्यांच्या मधल्या पोकळीत बीपीजी नावाचा, ऋण भारांनी भरलेला एक छोटा रेणू बसतो आणि ताठ अवस्थेला आधार देतो. पोकळीच्या काठावर दुसऱ्या जागचे हिस्टिडिन, ८२ वे लायसिन आणि १४३ वे हिस्टिडिन शोधून पाहा. धन भाराची अमिनो आम्ले तिथे का जमली आहेत ते लगेच लक्षात येईल. उंच प्रदेशात राहिल्यावर तांबड्या पेशींतले बीपीजी वाढते आणि ऊतींत ऑक्सिजन सोडणे सोपे होते.

सातवी पायरी: बदलाचा अर्थ लावणे

कोणत्याही बदलाकडे पाहताना तीन प्रश्न विचारावेत: जागा कोणती, गेले काय आणि आले काय.

सहावी जागा लोहापासून दूर, पृष्ठभागावर आहे. म्हणून सिकल हिमोग्लोबिनचा एकटा रेणू ऑक्सिजन जवळपास नेहमीसारखाच धरतो आणि सोडतो. इथे बिघाड वेगळ्या प्रकारचा आहे. गेले ते पाण्यात रमणारे, ऋण भाराचे ग्लुटामिक आम्ल. आले ते पाणी टाळणारे व्हॅलिन, तेही अगदी उघड्यावर. आता बी साखळीतले ८५ वे फिनाइलअॅलनिन आणि ८८ वे ल्युसिन शोधा. ताठ अवस्थेत या दोघांपाशी पृष्ठभागावर एक पाणी टाळणारी खाच असते. एका हिमोग्लोबिनचे सहावे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या या खाचेत नेमके बसते. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन अत्यंत दाटीने, दर डेसीलिटरला सुमारे ३३ ग्रॅम इतके, भरलेले असते, त्यामुळे एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा अशी जोडणी झपाट्याने होत जाते आणि १४ पदरांचे लांब, कडक दोर तयार होतात. तेच पेशीला विळ्याचा आकार देतात. सैल अवस्थेत ही जोडणी जमत नाही, म्हणून ऑक्सिजन कमी झाल्यावरच पेशी वाकतात. जोडणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर डेटा बँकेत २एचबीएस हा संकेत उघडावा. त्यात सिकल हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू शेजारी-शेजारी आहेत.

डॉक्टर पाणी भरपूर प्यायला का सांगतात, याचेही उत्तर यातच आहे. जोडणी सुरू व्हायला लागणारा वेळ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतला दाटपणा वाढतो आणि पेशी बारीक रक्तवाहिनीतून सुटण्याआधीच दोर तयार होतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्यातल्या गॅमा साखळ्या या दोरांत नीट बसत नाहीत, म्हणून जोडणी मंदावते.

हे तीन प्रश्न पक्के होण्यासाठी आणखी बदल तपासावेत. सहाव्याच जागी लायसिन आले तर हिमोग्लोबिन सी होते. जागा तीच, गेले तेच, पण आलेले अमिनो आम्ल भारित आणि पाणी आवडणारे असल्याने खाचेत बसणारे काही नाही. असे दोर तयार होत नाहीत आणि आजारही सौम्य असतो. ६३ व्या किंवा ९२ व्या हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन आले तर मात्र लोह फेरिक अवस्थेत अडकते, ऑक्सिजन धरलाच जात नाही आणि त्वचा निळसर दिसते. ईशान्य भारतात आढळणारे हिमोग्लोबिन ई २६ व्या आणि पंजाबच्या नावाने ओळखले जाणारे हिमोग्लोबिन डी १२१ व्या जागच्या ग्लुटामिक आम्लाच्या बदलाने होते. पहिल्यात लायसिन येते, दुसऱ्यात ग्लुटामिन. या दोन्ही बदलांत साखळीचा भार कितीने बदलतो ते तिसऱ्या पायरीच्या रीतीने काढा.

आठवी पायरी: चाचणीचा अहवाल रसायनाच्या नजरेने

आरोग्य केंद्रात सर्वप्रथम होणारी विद्राव्यता चाचणी वरच्या गुणधर्मावरच आधारलेली आहे. रक्ताचा थेंब दाट फॉस्फेट द्रावणात टाकतात, त्यात पेशी फोडणारा पदार्थ आणि ऑक्सिजन काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट असते. सिकल हिमोग्लोबिन ताठ अवस्थेत जाऊन न विरघळता राहते, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. या चाचणीच्या मर्यादाही यातूनच कळतात. एएस आणि एसएस दोघांच्याही रक्तात सिकल हिमोग्लोबिन असल्याने दोन्ही नळ्या गढूळ होतात, म्हणून केवळ या चाचणीवरून कोणालाही रुग्ण किंवा वाहक ठरवू नये. नवजात बाळात बहुतांश हिमोग्लोबिन गर्भावस्थेतले असल्याने नळी स्वच्छ दिसली तरी निर्धास्त होऊ नये.

निश्चित निदानासाठी विद्युतसंचरण (विद्युतक्षेत्रात रेणू सरकवून वेगळे करणे) किंवा एचपीएलसी (द्रावण दाबाने भरीव नळीतून ढकलून घटक वेगळे करणे) लागते. ८.६ च्या आसपासच्या पीएचला सगळेच हिमोग्लोबिन धन अग्राकडे सरकते. निरोगी सर्वांत पुढे, सिकल त्याच्या मागे, हिमोग्लोबिन सी त्याच्याही मागे. भाराचा हिशेब तुम्ही वहीत केलेलाच आहे, त्यामुळे हा क्रम पाठ करावा लागणार नाही. हिमोग्लोबिन डी या पट्टीवर नेमके सिकलच्याच जागी येते. १२१ व्या जागीही एक ऋण भारच गेला आहे, हे त्याचे कारण. म्हणून शंका असेल तिथे आम्लीय माध्यमातली दुसरी चाचणी किंवा जनुकचाचणी करतात. अहवालात ए (निरोगी हिमोग्लोबिन) आणि एस (सिकल हिमोग्लोबिन) दोन्ही असतील आणि ए अधिक असेल तर ती व्यक्ती सहसा वाहक असते. एस प्रमुख असून ए जवळपास नसेल तर एसएसची शक्यता असते, परंतु अलीकडे रक्त चढवलेले असेल तर दात्याचे हिमोग्लोबिन हे चित्र बदलते. अंतिम अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे, तेव्हा असे अहवाल यापुढे अनेक घरांत येणार आहेत.

पुढचे प्रथिन

हीच रीत दुसऱ्या प्रथिनावर वापरून पाहायची असेल तर इन्सुलिन घ्यावे. युनिप्रॉटमध्ये त्याचा क्रमांक पी०१३०८ आहे. इथे ११० अमिनो आम्लांची मूळ साखळी दिसेल, परंतु कापाकापीनंतर उरते ते २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० ची बी साखळी, मिळून ५१, आणि त्यांना बांधून ठेवणारे सिस्टीनांचे तीन बंध. फ्रेडरिक सँगर यांनी याच प्रथिनाचा संपूर्ण क्रम सर्वप्रथम उलगडला आणि १९५८ चे नोबेल मिळवले. बी साखळीतले २८ वे प्रोलिन आणि २९ वे लायसिन शोधा. लिस्प्रो या जलद काम करणाऱ्या इन्सुलिनमध्ये या दोघांची फक्त अदलाबदल केलेली आहे. त्यामुळे इन्सुलिनचे रेणू एकमेकांना घट्ट चिकटून राहत नाहीत, टोचल्यावर लवकर सुटे होतात आणि रक्तात लवकर पोहोचतात. ग्लार्जिन या संथ इन्सुलिनमध्ये ए साखळीच्या २१ व्या जागी ग्लायसिन आहे आणि बी साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जोडलेली आहेत. कुपीत त्याचे द्रावण आम्लीय, पीएच ४ चे असते. त्वचेखालच्या ७.४ पीएचला ते द्रावणातून बाहेर पडून का साचते आणि दिवसभर हळूहळू का सुटत राहते, हे वहीत भाराचा हिशेब मांडून शोधावे.